मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तलिखितांतले रंग आणि खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र बायबलाचं एखादं पान दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : निळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय? प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं एका ओळीतलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं निघतं. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. रंगाचा अर्थ विचारण्याआधी तो रंग कशाचा आहे, कुठून आला आणि पानावर त्याच्या शेजारी कोण आहे, हे बघायची सवय लागावी एवढीच इच्छा.

‘इल्युमिनेशन’ म्हणजे नुसती चित्रं का?

नाही. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘लुमेन’ आहे, म्हणजे उजेड. काटेकोर अर्थाने ज्या पानावर सोनं किंवा चांदी आहे आणि त्यामुळे पानातूनच उजेड आल्यासारखं वाटतं, ते इल्युमिनेटेड पान. सैल अर्थाने सगळ्याच रंगीत हस्तलिखितांना हा शब्द लावतात. पानं कागदाची नसून चामड्याची : वासराचं, मेंढीचं किंवा बकरीचं कातडं चुन्याच्या निवळीत भिजवायचं, चौकटीवर ताणायचं आणि ताणलेलं असतानाच अर्धचंद्राकृती सुरीने खरवडायचं. या पानांवर कुंचला चालवण्याची परंपरा साधारण पाचव्या-सहाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत चालली.

कोणत्या रंगाचा अर्थ काय, याचा तक्ता मिळेल का?

असे तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत. माझा आग्रह आहे की ते बाजूला ठेवा. मध्ययुगाला रंगांचे अर्थ होते, पण एका रंगाला एकच अर्थ कधीच नव्हता. लाल घ्या. हुतात्म्याचं रक्त लाल, पवित्र आत्म्याच्या ज्वाळा लाल, राजाचा झगा लाल आणि नरकाच्या जबड्यातली आगही लालच. एकाच ग्रंथात, कधीकधी एकाच पानावर, हे सगळे लाल एकत्र नांदतात.

उपासनेतल्या वस्त्रांच्या रंगांबद्दल मात्र लिहून ठेवलेलं सापडतं. पुढे पोप झालेले तिसरे इनोसंट यांनी ११९५ च्या सुमारास, कार्डिनल असताना, रोममधली पद्धत नोंदवली : सणांना आणि कुमारिका संतांना पांढरा, हुतात्म्यांना आणि पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) लाल, शोकाला आणि प्रायश्चित्ताच्या काळाला काळा, एरवी हिरवा. या यादीत निळा नाहीच. आणि याच काळात हस्तलिखितांची पानं निळ्याने भरून जायला लागली होती! वेदीवरचा नियम आणि चित्रकाराच्या पाटावरचा रंग यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही, हे यावरून कळावं.

हे रंग कशापासून करत?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, कारण मराठी वाचकाला याचं अर्धं उत्तर आधीच ठाऊक असतं. इंग्रजी पुस्तकांत ही नावं परकी वाटतात. मराठीत ती घरातली आहेत.

मारुतीला लावतो तो शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, मध्ययुगीन लेखनिकाच्या रोजच्या वापरातला. लॅटिनमध्ये तो ‘मिनियम’. त्याने आद्याक्षरं रंगवणं म्हणजे ‘मिनियारे’, आणि त्यातूनच ‘मिनिएचर’ हा शब्द आला. लहान आकाराशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता. छोटी चित्रं असा अर्थ मागाहून चिकटला. त्याहून गर्द, भारी लाल म्हणजे हिंगूळ. तो खाणीतूनही मिळे आणि पारा व गंधक एकत्र तापवूनही करत. शीर्षकं आणि सूचना लाल शाईने लिहायच्या, ही पद्धत आपल्या पोथ्यांतही आहे. ‘उवाच’ आणि अध्यायसमाप्ती लाल असलेली पोथी अनेकांनी पाहिली असेल. युरोपात कॅलेंडरच्या पानांवर मोठे सण लाल अक्षरांत लिहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरातला लाल रविवार त्याच कुळातला.

पिवळ्यासाठी हरताळ. हा आर्सेनिकचा खनिज, विषारी, पण सोन्यासारखी झाक असलेला. आपल्याकडे पोथीत चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ फासून वर पुन्हा लिहीत आणि त्यातून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार भाषेत राहिला. आयर्लंडमधल्या केल्सच्या ग्रंथात, म्हणजे शुभवर्तमानांच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांच्या) सचित्र हस्तलिखितात, हाच हरताळ चूक झाकायला नाही, तर सोन्याच्या जागी झळाळतो. त्या ग्रंथात सोन्याचा वर्ख नाही, हे कळल्यावर अनेकांना धक्का बसतो.

हिरव्यासाठी तांब्यावर आंबट वाफ धरून तयार होणारा जंगाल. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा. काळी शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची, म्हणजे बाळगुटीत उगाळतात त्या मायफळाची, आणि हिराकसाची. ही शाई लिहिताना फिकी असते, हवा लागली की काळी होते आणि चामड्यात अशी रुतते की खरवडल्याशिवाय निघत नाही. रंग पानाला धरून ठेवायला बाभळीच्या जातीचा डिंक किंवा अंड्यातला पांढरा. अंड्याला फेस आला तर त्यात कानातला मळ चिमूटभर घालायचा, अशीही कृती जुन्या नोंदींत आहे आणि ती लागू पडते.

निळा रंग इतका महाग का होता?

कारण तो जवळपास एकाच ठिकाणाहून येत होता. आजच्या अफगाणिस्तानात बदख्शान भागात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संगच्या खाणी आहेत. तिथला लाजवर्द (लॅपिस लाझुली) व्यापाऱ्यांच्या एका हातातून दुसऱ्या हातात असा पश्चिमेकडे जाई आणि समुद्र ओलांडून इटलीत उतरे. म्हणून त्याचं नाव ‘अल्ट्रामरीन’, समुद्रापलीकडचा.

आणि दगड हाती आला म्हणजे रंग झाला असं नाही. लाजवर्द नुसता कुटला तर राखाडी भुकटी मिळते, कारण त्यात पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी ठिपक्यांचा पायराइट मिसळलेला असतो. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी यांनी १४०० च्या आसपास दिलेली कृती अशी : भुकटी पाईनची राळ, मस्तकी (एका झाडाचा डिंक) आणि मेण यांत मळून गोळा करायचा. तीन दिवस, तीन रात्री तो मुरू द्यायचा. मग राखेच्या निवळ पाण्यात तो गोळा दोन काठ्यांनी दाबत, तिंबत राहायचं. निळे कण पाण्यात उतरतात, बाकीचा गाळ गोळ्यातच अडकून राहतो. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गर्द, दुसऱ्यातला जरा फिका, आणि शेवटी उरते ती राखेसारखी निळसर पूड. तीही टाकून देत नसत. कणीक मळणाऱ्या माणसाला या कामाचा अंदाज येईल. फक्त इथे पाण्याच्या तळाशी जमणारी निळी पूड सोन्याच्या तोडीची.

याबद्दलची एक गोष्ट मला विसरता येत नाही. जर्मनीत डालहाइम इथल्या मठाच्या दफनभूमीत एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. मृत्यू अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासचा, वय ४५ ते ६०. तिच्या दातांवर साठलेल्या किटणात संशोधकांना बारीक निळे कण दिसले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते लाजवर्दचे असल्याचं सिद्ध झालं. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की ती चित्रकार होती आणि कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरत होती. तिचं नाव कुठेच नाही. अफगाणिस्तानातला दगड मात्र तिच्या दातांत हजार वर्षं टिकून राहिला.

म्हणजे जुन्या ग्रंथांतला प्रत्येक निळा लाजवर्दचाच?

असं पूर्वी मानत. लिंडिसफार्नचा शुभवर्तमान ग्रंथ इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बेटावर आठव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाला. तो बिशप एडफ्रिथ यांच्या हातचा मानला जातो. त्यातल्या निळ्याबद्दल लाजवर्दच्या लांबच्या प्रवासाचं वर्णन कितीतरी वर्षं छापलं गेलं. लेसर-किरणांनी, पानाला स्पर्श न करता तपासणी झाली तेव्हा तो निळा निघाला नीळ, म्हणजे तिथे उगवणाऱ्या वोड या झाडाच्या पाल्याची. केल्सच्या ग्रंथातही तेच. त्यामुळे ग्रंथाचं मोल कमी होत नाही, उलट बेटावर मिळेल त्या सामग्रीतून एवढं काढणाऱ्या हातांबद्दलचा आदर वाढतो. नंतरच्या काळातही सगळीकडे लाजवर्द नव्हताच. तांब्याच्या खनिजापासूनचा ॲझुराइट हा स्वस्त निळा युरोपातच मिळत असे. हुशार चित्रकार आकाश ॲझुराइटने भरत आणि मुख्य आकृतीच्या वस्त्राला लाजवर्द राखून ठेवत.

पवित्र मरिया निळ्या वस्त्रातच का असते?

सुरुवातीला नसे. केल्सच्या ग्रंथात बाळ येशूला मांडीवर घेतलेली मरिया जांभळ्या झग्यात आहे. बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) चित्रांतही तिचं वस्त्र गडद, जांभळ्याकडे झुकणारं, म्हणजे राणीला आणि शोकाला दोन्हीला शोभेल असं. बाराव्या शतकापासून पश्चिम युरोपात तिची भक्ती वाढली, लाजवर्दची आवक वाढली आणि निळा तिचा होऊन गेला. स्वर्गाचा रंग, म्हणून स्वर्गराणीचा, हे स्पष्टीकरण खरं आहे. पण जो रंग सर्वांत महाग तो तिला वाहायचा, ही भावनाही तितकीच खरी. आपल्या देवीला जरीची पैठणी नेसवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सोनं पानावर कसं चढवत? आणि त्याचा अर्थ काय?

दोन रीती होत्या. सोन्याची पूड डिंकात कालवून कुंचल्याने लावायची, ही सोपी. ती शिंपल्यात ठेवत, म्हणून तिला शिंपल्याचं सोनं म्हणत. दुसरी वर्खाची, आणि खरी जादू तिथे आहे.

चुनखडीचा किंवा प्लास्टरचा लगदा, थोडा सफेदा, सरस, मध किंवा साखर आणि तांबूस माती हे एकत्र घोटून आद्याक्षराच्या जागी थेंबासारखा फुगीर थर द्यायचा. तो वाळला की त्यावर तोंड जवळ नेऊन ‘हा’ करून उबदार श्वास सोडायचा. साखर ओलावा ओढून घेते, थर क्षणभर चिकट होतो आणि तेवढ्यात वर्ख ठेवायचा. मग घोटायचं : अकीकाने, हेमाटाइटने किंवा कुत्र्याच्या दाताने. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं ते जुलै महिन्यात, बाहेर पाऊस चालू असताना, आणि पहिल्याच प्रयत्नात वर्ख बसला. दमट हवा या कामाला मानवते, हे नंतर वाचनात आलं. घोटताना एक क्षण असा येतो की पिवळा कागद वाटणारी ती जागा एकदम आरसा होते, आणि तुमचं बोट त्यात दिसतं.

सोनं नेहमी रंगाच्या आधी. कारण वर्ख कुठल्याही रंगाला चिकटतो, आणि घोटताना शेजारचा रंग बिघडतो. म्हणजे तेजोवलय आधी तयार होई, संताचा चेहरा नंतर. अर्धवट राहिलेल्या पानांवर कोऱ्या चेहऱ्याभोवती झळाळतं वलय दिसतं, ते याच कारणाने.

अर्थाबद्दल : सोनेरी पार्श्वभूमी म्हणजे सूर्य नव्हे, दिवस नव्हे, कुठलंही ठिकाण नव्हे. तिथे सावली पडत नाही, म्हणून काळही नाही. मेणबत्तीपाशी पान जरा कलतं केलं की फुगीर थरावरचा उजेड सरकतो आणि आकृती जिवंत झाल्यासारखी वाटते. छापील फोटोत किंवा पडद्यावर हे कधीच येत नाही. तिथे सोनं तपकिरी दिसतं.

काही ग्रंथांची पानंच जांभळी का आहेत?

जांभळा हा रोमन सम्राटांचा रंग. तोच ख्रिस्ताच्या वचनांना दिला की सांगायला नको, खरा सम्राट कोण. उप्साला इथे असलेला ‘कोडेक्स आर्जेंटियस’ हा सहाव्या शतकातला ग्रंथ, गॉथिक भाषेतली शुभवर्तमानं. जांभळ्या चर्मपत्रावर बहुतेक मजकूर चांदीच्या शाईने आणि काही ओळी सोन्याच्या. असे सगळे ग्रंथ सागरी शंखांच्या महागड्या रंगाने रंगवलेले होते, असा समज होता. तपासणीत अनेक ठिकाणी दगडफुलाच्या जातकुळीपासून काढलेला रंग निघाला.

या थाटाला तेव्हाही विरोध होता. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात कळवळून लिहिलं आहे की चर्मपत्रं जांभळी रंगवतात, अक्षरांसाठी सोनं वितळवतात, ग्रंथ रत्नांनी मढवतात, आणि ख्रिस्त दाराशी उघडा पडून मरतो आहे. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्याच माणसाचे हे शब्द. जांभळं पान बघताना मी ते आठवतो.

माणूस, सिंह, बैल आणि गरुड यांचा शुभवर्तमानांशी काय संबंध?

यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात आणि प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या, पुस्तकात चार जिवंत प्राणी आहेत. ते चार शुभवर्तमानकारांना वाटून दिले गेले. मत्तय येशूच्या वंशावळीपासून सुरुवात करतो, म्हणून पंख असलेला माणूस. मार्कच्या आरंभी अरण्यातली गर्जना, म्हणून सिंह. लूक मंदिरात सेवा करणाऱ्या याजकापासून सुरू होतो, म्हणून बलिदानाचा बैल. योहान थेट ‘शब्दा’पाशी, म्हणजे आरंभीच्या देवाच्या वचनापाशी, झेप घेतो, म्हणून गरुड. याच चौघांवर ख्रिस्ताचं चरित्रही बसवलं : जन्म माणसाचा, मरण बलीच्या पशूचं, पुनरुत्थान सिंहाचं, स्वर्गारोहण गरुडाचं. पुनरुत्थानाला सिंह का? सिंहाचा छावा मेलेला जन्मतो आणि तिसऱ्या दिवशी बापाच्या फुंकरीने उठतो, असं प्राणिकथांत सांगत.

ही वाटणी मात्र एकदम पक्की झाली नाही. डब्लिनला असलेल्या ड्युरोच्या शुभवर्तमान ग्रंथात मार्कला गरुड आहे आणि योहानाला सिंह. चित्रकाराची ती चूक नाही. जेरोमने रूढ केलेल्या क्रमाआधीची ती जुनी रीत आहे.

हिरव्याला काही खास अर्थ आहे का?

बाराव्या शतकातल्या जर्मन मठाध्यक्षा हिल्डेगार्ड यांच्यामुळे आहे. त्यांच्या लेखनात ‘विरिडिटास’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो : हिरवेपण, पालवी फुटण्याची ताकद, देवाची सृष्टीत वाहणारी ओल. त्यांच्या दर्शनांचं मूळ सचित्र हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ड्रेस्डेनमधून नाहीसं झालं. आज आपण पाहतो ती चित्रं आयबिंगन मठातल्या जोगिणींनी त्याआधी हाताने केलेल्या प्रतीतली आहेत. ती प्रत झाली नसती तर ते रंग कोणालाच कळले नसते.

पिवळा वाईट मानत का?

मध्ययुगाच्या उत्तरार्धात, हो. येशूला दगा देणाऱ्या यहूदाचा झगा पिवळा करण्याची रीत वाढली. ही गोष्ट चित्रापुरती राहिली नाही, हे सांगायलाच हवं. त्याच काळात युरोपात अनेक ठिकाणी ज्यू लोकांना कपड्यांवर वेगळी खूण, बरेचदा पिवळीच, सक्तीने लावायला लावत.

काही चेहरे आणि हात काळे का दिसतात?

बहुतेक वेळा तो मूळ रंग नसतो. शिशाचा सफेदा गंधकाच्या संपर्कात काळवंडतो, चांदी तर काळी पडतेच. जंगाल चामडं खातो, त्यामुळे हिरव्या चौकटीच्या रेषेवर पान कातरल्यासारखं फाटतं. अर्थ लावण्याआधी रसायन बघावं, ते यासाठी.

कडेला मांजरं, उंदीर, गोगलगायी कशाला?

केल्सच्या ग्रंथातलं ख्रिस्ताच्या नावाचं पान घ्या. फुलीसारखं एक प्रचंड ग्रीक अक्षर सगळं पान व्यापून वळणं घेत जातं. डोळे त्या वेटोळ्यांतून खाली उतरले की तळाशी दोन मांजरं बसलेली दिसतात. त्यांच्यापुढे दोन उंदीर एका गोल तबकडीला तोंड लावून ओढताहेत, आणखी दोन मांजरांच्या पाठीवर. जरा उजवीकडे एक काळं पाणमांजर, तोंडात मासा. ती तबकडी प्रसादाची पवित्र भाकर असावी, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. सगळी सृष्टी, अगदी उंदीरसुद्धा, त्या नावाच्या सावलीत आली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात गोगलगायीशी लढणारे सरदार दिसतात, त्यांच्याबद्दल मात्र एकमत नाही.

हे काम फक्त भिक्षूच करत?

नाही. तेराव्या शतकापासून पॅरिससारख्या शहरांत धंदेवाईक कारखाने होते. तिथल्या जान द माँबास्ताँ या बाईंनी पती रिशार यांच्याबरोबर काम केलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १३५३ मध्ये स्वतः चित्रकार म्हणून शपथ घेतली. त्याच्याही आधी, ९७५ मध्ये पूर्ण झालेल्या स्पेनमधल्या गेरोनाच्या प्रकटीकरण-भाष्यावर एंदे या स्त्रीची सही आहे : चित्रकार आणि देवाची सहायक.

मुंबई-पुण्यात बसून हे कसं बघायचं?

केल्सचा ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने पूर्ण ऑनलाइन ठेवला आहे. एका वेळी एकच पान उघडा आणि एका कोपऱ्यापुरतं मोठं करून बघा.

मुंबईत मात्र एक सुंदर धागा आहे. एशियाटिक सोसायटीकडे इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची मध्ययुगीन हस्तलिखित प्रत आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलेली. त्याच काव्यात, शुद्धिलोकाच्या (मरणानंतर पापं धुतली जातात त्या जागेच्या) अकराव्या सर्गात, दान्तेला गुब्बिओचा ओदेरिसी भेटतो : ज्या कलेला पॅरिसमध्ये ‘अल्युमिने’ म्हणतात तिचा एक नामवंत कारागीर. जिवंतपणी ज्याला आपल्याहून वरचढ कोणी सहन झाला नसता, तो गर्वाचं ओझं पाठीवर घेऊन वाकून चालतो आहे. दान्ते त्याची स्तुती करतो, तेव्हा तो म्हणतो, भाऊ, बोलोन्याच्या फ्रँकोने रंगवलेली पानं माझ्या पानांपेक्षा जास्त हसतात.